अकोल्याचा माठ आणि आमचा हौद

कार्तिक शुद्ध १०, शके १७८६. अमरावती

सूनबाई आज नांदायला आली. लग्न वैशाखात झाले, पण पावसाळा आणि दिवाळी तिने अकोल्याला माहेरीच काढली. दमणी दारात थांबली तेव्हा अर्धी गल्ली बघायला उभी होती. असणारच. दमणीच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगुरमाळा आहेत आणि त्या मी हौसेने करून घेतल्या आहेत. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आहे आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आहे. असल्या दिवसांत माणसाने मिरवायचे नाही तर कधी मिरवायचे?

पण सूनबाई उतरली ती हातात मातीचा माठ धरून. तोंडाला ओले फडके बांधलेले. मला वाटले, आईने दही दिले असेल. आमच्या कुटुंबाने, मैनाबाईंनी, फडके सोडले तर आत लाल मासे. बोटाएवढाले, त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली.

बरोबर आलेला गडी म्हणाला, "जानराव पाटलानं सांगतलं, पोरीले करमणार नाई म्हणून तिच्या मासोळ्या देल्या. अन् तुमच्या हौदालेबी शोभा येईन."

आमच्या हौदाला शोभा येईल म्हणे. हौद मी गेल्या वर्षी बांधून घेतला. मध्ये कारंजे, कडेला कमळाच्या पाकळ्या कोरलेले दगड, आणि आत वर्षभर सुखाने नांदणारे लाल मासे. अमरावतीत असा दुसरा हौद नाही. अकोल्यात आमच्या व्याह्यांचा एक आहे, पण तो चौकोनी आहे.

मी सर्वांसमक्ष सांगून टाकले, की अकोल्याचे मासे आमच्या हौदात पडणार नाहीत. हौदाची घागर माठाला आणि माठाची वाटी हौदाला लागता कामा नये. सूनबाईने पदर पुढे ओढला आणि माठ उचलून आत नेला. रिवाजाप्रमाणे ती माझ्याशी बोलत नाहीच, पण बोलायचे असते तरी बोलली नसती असे वाटले.

कार्तिक वद्य २

माठ स्वयंपाकघरात, चुलीच्या अलीकडच्या कोनाड्यात ठेवला आहे. थंडी पडू लागली आहे, तेव्हा मासेच काय, माणूसही तिथेच बसेल. सूनबाईचे नाव सत्यवती. काम चांगले करते, जेवते मात्र चिमणीएवढे. सूर्यभान, म्हणजे माझा मुलगा, कापसाच्या गाड्या घेऊन रेल जिथवर आली आहे तिथवर गेला आहे. तो महिनाभर तरी येत नाही.

तिची एक खोड माझ्या ध्यानात आली. बोलणे सगळे माठाशी. आणि प्रत्येक बोलण्याचे तोंड एकच, "आमच्या घरी". आमच्या घरी पाणी गोड लागते. आमच्या घरी भाकरी पातळ करतात. काल मी ओसरीवर विडा लावत होतो तर आतून ऐकू आले, "आमच्या घरी मासोळ्यायले कोंडून नाई ठेवत." मी मैनाबाईंना म्हटले, सुनेला सांगा, तिचे घर आता हे आहे. मैनाबाई म्हणाल्या, "सांगून कोणाचं घर होते का?"

या बाईंना उलट विचारायची सवय लग्नापासून आहे.

कार्तिक वद्य ९. अकोला

कापसाच्या कामाने इकडे आलो. व्याह्यांकडे उतरणे भाग होते. जानरावांनी हात धरून हौदाशी नेले. मासे चपळ आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ते सांगत काय होते, तर "माझ्या हौदात आजलोक एक मासोळी मेली नाई. हात लागते, पाटील. हे सगळ्यायले जमत नाई." हे ऐकताना मला पान कडू लागले.

मी तिथल्या तिथे म्हटले, संक्रांतीला अमरावतीला या, लेकीचा पहिला सण आहे, आमचा हौदही पाहून घ्या. ते हो म्हणाले. आता मागे फिरणे नाही.

उठलो आणि सरळ रहमतुल्लाकडे गेलो. हा माणूस मुंबईहून आरसे, झुंबरे आणि लाल मासे आणून विकतो. आमचे पहिले मासेही त्याचेच. त्याच्या अंगणात रांजण मांडलेले होते. बरेचसे मासे लाह्या टाकताच भिकाऱ्यासारखे झुंबड करत होते. मला ते आवडले नाही. एका रांजणाच्या तळाशी मात्र एक मोठा मासा एकटा बसला होता. वीतभर, पंख अंगाशी घेतलेले. लाही डोक्यावरून गेली तरी त्याने मान वळवली नाही. याला म्हणतात खानदान.

रहमतुल्ला म्हणाला, "पाटील साहेब, तो नका घेऊ. सुस्त हाय. ते लाह्यायवर तुटून पडून राह्यले ना, ते घ्या."

मी ओळखले. असा मासा तो कोणा गोऱ्या साहेबासाठी राखून ठेवणार. मी म्हटले, मला हाच पाहिजे, आणि याच्याच रांजणातले आणखी चार. तो म्हणाला, "जशी मर्जी. पण घरी गेल्यावर जुन्यायच्यात एकदम सोडू नका. आधी अलग ठेवा." मी म्हटले, "मियाँ, पाटलाच्या घरी आलेल्या पाहुण्याले आमी उंबऱ्याबाहेर बसवतो काय?" तो रांजणाला फडके बांधू लागला.

मार्गशीर्ष शुद्ध १. अमरावती

वाटेत दोन मुक्काम केले. दर मुक्कामाला मी स्वतः रांजणाचे फडके ओले केले. आज सकाळी वाजंत्री लावून मासे हौदात सोडले. मैनाबाईंनी ओवाळले, आणि ओवाळताना पुटपुटल्या, "एवढ्या मोठ्या मासोळ्या आणल्या अन् खायच्या नाईत." मोठ्याचे नाव मी सरदार ठेवले. तो हौदात उतरला तो थेट कारंज्याच्या पायथ्याशी जाऊन बसला. बाकीचे इकडे तिकडे पळत होते, हा बसून होता. लोक म्हणाले, वा.

सूनबाई खांबाआड उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा उतरलेला दिसला. अकोल्याचा हौद फिका पडला हे तिच्याही लक्षात आले असावे. मला क्षणभर वाईट वाटले, पण क्षणभरच.

मार्गशीर्ष शुद्ध ५

सरदार अजून बसलेला आहे. खात नाही. मोठी माणसे कमीच खातात.

मार्गशीर्ष शुद्ध ९

आज सरदाराच्या पंखांवर पांढरे दाणे दिसले, रव्याचे कण सांडल्यासारखे. प्रथम वाटले, काही तरी नवी शोभा उगवते आहे. दुपारपर्यंत जुन्या माशांच्या अंगावरही तेच. मासे कडेच्या दगडांना अंग घासत आहेत.

मैनाबाईंनी हौदात वाकून पाहिले आणि मागे सरकल्या. "पायातलं काढा," म्हणाल्या. "माता आली."

मी हसलो. माशांना कुठे देवी येतात? पण त्यांनी ऐकले नाही. घरात माता आली की आमच्याकडे जे करतात ते सगळे सुरू झाले. फोडणी बंद, मोठ्याने बोलणे बंद, हौदाभोवती कडुनिंबाचे डहाळे. ज्या घरात माता असते तिथले पाणी, भांडे, फडके दुसरीकडे नेत नाहीत, म्हणून हौदाची घागर वेगळी करून झाडाला टांगली. हौदाशी गेलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. सूनबाई तर उंबऱ्यावर चौकीदारासारखी बसली आहे. मीही हात धुऊनच पाणी प्यायला आत गेलो.

बिनफोडणीचे वरण किती दिवस खावे लागणार देव जाणे.

मार्गशीर्ष शुद्ध १२

सरदार गेला. सकाळी उताणा तरंगत होता.

आणलेल्यांतला आणखी एक गेला, आणि जुन्यांतले तीन.

मार्गशीर्ष वद्य ४

आता लिहायचे तर खरे लिहितो. हौदात काही उरले नाही. शेवटचा मासा आज गेला. वर्षभर माझी चाहूल लागली की वर येऊन तोंड उघडायचे, ते सगळे गेले. मी त्यांना डाळिंबाच्या झाडाखाली पुरले. गड्याला सांगितले असते, पण स्वतःच खड्डा खणला. माती लोटताना डोळ्यांत पाणी आले. माशांसाठी रडणारा पाटील कोणी पाहू नये म्हणून बराच वेळ झाडाकडे तोंड करून उभा होतो. मैनाबाई येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

संक्रांतीला जानराव येणार. "हात लागते, पाटील." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रहमतुल्लाकडे माणूस धाडला तर तो मुंबईला गेलेला. व्याह्यांना येऊ नका म्हणून कळवावे तर लेकीचा पहिला सण. हौदावर मांडव घालून झाकून टाकावा, असेही मनात येऊन गेले. मांडव घातला तर ते आधी तिथेच जाऊन डोकावतील.

मार्गशीर्ष वद्य ७

पाणी प्यायला आत गेलो होतो. कोनाड्यातल्या माठाशी सूनबाई कणकेची गोळी चुरडत होती आणि ते बोटाएवढे मासे वर येऊन चटाचट खात होते. अंगावर एक दाणा नाही. शेपटीफाट्या तर सर्वांत पुढे. माझ्या घरात जिवंत मासे आहेत ते एवढेच.

मी ओसरीवर येऊन मैनाबाईंना हळूच म्हटले, सुनेकडे शब्द टाका. संक्रांतीपुरते हौदात सोडू दे.

"तुमी हौदात पडू देणार नवते ना?" मैनाबाई म्हणाल्या. "तुमीच मांगा."

सासऱ्याने सुनेपाशी काय मागायचे, आणि कसे? ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही, हा घराचा रिवाज आहे. आज दिवसभर याच विचारात आहे.

मार्गशीर्ष वद्य ८

मागितले.

स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो आणि माठाकडे पाहून म्हणालो, "मासोळ्यांनो, आमचा हौद रिकामा पडला. तुमच्या पाटलानं लयच अकड दाखवली होती. तुमी आल्या तर घराची अब्रू राहीन."

मैनाबाई चुलीशी तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

मग सूनबाई, माठाकडेच पाहत, म्हणाली, "मासोळ्यांनो, माह्यं एकच म्हणणं हाय. तुमी मेल्या तर मले इथी कोणीच नाई."

मी तिथून निघणार होतो. एवढे ऐकल्यावर मागणे बरे नव्हे, आणि मला ते आधी सुचले नाही याची लाज वाटली. पण ती पुढे बोलली, "म्हणून हौद आधी रिकामा करा, घासा, कडकडीत उन्हात वाळू द्या. मंग जाऊ."

मी म्हटले, करतो. घासून वर पांढराशुभ्र चुनाही मारतो, व्याही येणार आहेत.

"चुना नोको." ती एकदम माझ्याकडे वळून बोलली. माठाशी नाही. मग स्वतःच दचकली, पदर नाकापर्यंत ओढला आणि पुन्हा माठाकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, "चुन्यानं पाणी जळते. आमच्या घरी बाबांनं नव्या हौदात मासोळ्या सोडल्या होत्या. चुना ताजा होता. सांजलोक एकही वाचली नाई. गड्यानं टोपलं भरून नेल्या. बाबा कोणाले सांगत नाईत. तुमीबी सांगू नका."

एकही नाही. "आजलोक एक मासोळी मेली नाई" म्हणणारे जानराव, आणि टोपलेभर. मी ओसरीवर आलो आणि गादीवर एकटाच हसत बसलो. असे सुख मला कापूस विकूनही झाले नव्हते.

पौष शुद्ध २

हौद उपसला, घासला, वाळवला. एकदा भरून ते पाणी सोडून दिले, पुन्हा भरला. चुना मारला नाही. आज सूनबाईने माठ हौदात तरंगत ठेवला आणि हौदाचे पाणी ओंजळीओंजळीने आत घालत राहिली. मी विचारले, म्हणजे मैनाबाईंना विचारले, की एकदम का ओतत नाही. उत्तर माठाला मिळाले, "एकदम ओतलं का जीव घाबरते."

उन्हे कलल्यावर तिने माठ आडवा केला. मासे निघेनात. शेपटीफाट्या तोंडाशी येऊन थांबला, मग बाहेर पडला, मग बाकीचे. ती काठावर बसून राहिली. तिला उठ म्हणायला कोणी गेले नाही.

पौष शुद्ध ९

मासे उत्तम आहेत. कारंज्याखालून फिरतात, लाह्यांवर तुटून पडतात. पूर्वी मला हे भिकारपणाचे वाटे. आता बघायला बरे वाटते.

सूर्यभान परतला. हौदाशी बायकोला पाहून आधी इकडे तिकडे बघितले आणि मग तोही काठावर बसला. सूनबाई आज दोन भाकरी जेवली असे मैनाबाईंनी आपण होऊन सांगितले. हे मला कशाला सांगता, मी म्हटले. पण बरे वाटले.

व्याह्यांसाठी मी दोन वाक्ये तयार करून ठेवली आहेत. एक चुन्यावर आहे, दुसरे टोपल्यावर. आंघोळ करताना म्हणून पाहिली, फारच झकास जमली आहेत.

संक्रांत

जानराव सकाळी आले. लेकीला लुगडे, तिळाचे लाडू, आणि गाडीत फडके बांधलेला एक रांजण. मी त्यांना थेट हौदाशी नेले. गल्लीतलेही पुष्कळ जण आले होते. सूनबाई हलव्याचे दागिने घालून मैनाबाईंच्या मागे उभी होती.

व्याह्यांनी पाण्यात पाहिले. पाहतच राहिले. मग शेपटीफाट्याकडे बोट केले.

"पाटील, हे तर आमच्या घरच्या हायेत. तुमच्या त्या मोठ्या कुठी गेल्या? रहमतुल्ला सांगे, लय मोठी घेऊन गेले म्हणे."

सगळे माझ्याकडे बघत होते. "त्या आतल्या रांजणात आहेत" असे म्हणता आले असते. माझी दोन्ही वाक्ये जिभेवर होती. सूनबाईकडे नजर गेली. ती मान खाली घालून पदराचे टोक पिळत होती. तिने आपल्या बापाची गोष्ट मला विश्वासाने सांगितली होती, आणि मी ती आता बाहेर काढतो की काय, या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता.

मी म्हणालो, "मेल्या. सगळ्या मेल्या, जुन्याबी अन् नव्याबी. म्या निवडून आणलेलीनंच घात केला. ह्या जित्या हायेत त्या तुमच्या लेकीमुळं. तिनं नसत्या देल्या तर आज तुमाले रिकामा हौद दाखवला असता."

गर्दीत कोणी हसले नाही. जानराव म्हणाले, "मी म्हटलंच होतं, हात लागते. माझ्या हौदात तर आजलोक..."

"व्हय," मी म्हणालो. "तुमचा हात चांगला हाय. लेकीच्या हातात उतरला."

वाक्ये गिळली. घशाला जड गेली, पण गेली. सूनबाईने मान वर केली आणि रिवाज सोडून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिले. मी घाईने कारंज्याकडे बघू लागलो.

व्याही खूष झाले. "मंग घ्या," म्हणाले, "अजून आणल्या तुमच्यासाठी." गड्याने रांजण आणला. त्यांनी स्वतःच फडके सोडले, रांजण काठावर टेकवला आणि हौदात कलता करणार, तोच सूनबाई पुढे आली. चारचौघांत, सासऱ्यादेखत, नवऱ्यादेखत. तिने बापाच्या हातावर हात ठेवला.

"थांबा बाबा. आमच्या घरी असं नाई करत. नव्यायले आधी येगळं ठेवतात."

जानराव तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे. मी मिशीवरून हात फिरवला. वेगळे ठेवण्याचा हुकूम या घरात पहिल्यांदा मीच दिला होता, हे गल्लीला आठवत असेलच. नसेल तर मी आठवण करून देणार आहे.

रांजण जड होता. तिने कडेवर घेतला आणि स्वयंपाकघराकडे, चुलीअलीकडच्या कोनाड्याकडे निघाली. दार वाऱ्याने लोटले गेले होते. मैनाबाई पोचायच्या आत मी पुढे झालो आणि ती आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिलो.